गढी म्हणजे कोण?

मुन्शीजी,

तुम्हाला माती देऊन आज बारा दिवस झाले. तीन मुठी माती मीही टाकली. मी मागे उभा होतो, तर तुमच्या जावयानंच हाताला धरून पुढे नेलं. परतताना वाटेत लोक विचारत होते, "कोण गेलं?" आणि मी प्रत्येकाला सांगत होतो, "मुन्शी गेले." घरी येऊन पाय धुतले तेव्हा लक्षात आलं, की इब्राहीममियाँ हे तुमचं नाव माझ्या तोंडून दिवसभरात एकदाही निघालं नव्हतं. तुम्ही असता तर तिथल्या तिथं टोकलं असतंत. "मुन्शी या मुलखात पन्नास मिळतील, नारायणराव. त्यातला गेला तो कोण?"

कचेरी चालू आहे. दुपारी मुन्सिफसाहेब जेवायला उठले की मी सवयीनं बाहेर येतो आणि आवारातल्या लिंबाखाली जाऊन उभा राहतो. तुमची सतरंजी आता तिथं नाही. त्या जागेवर कुणाची तरी शेळी येऊन बसते, आणि तिला हाकलायला माझा हात उठत नाही. मी थोडा वेळ उभा राहतो, डब्यातली भाकरी तशीच घेऊन आत जातो. कोणी विचारत नाही, कावून लवकर आलात म्हणून. विचारणारा एकच होता.

आपण पहिल्यांदा शेजारी बसलो तो दिवस तुम्हाला आठवायचा, मला जरा जास्तच आठवतो. गावकरी मराठीत बोलणार, सरकारचं दफ्तर उर्दूत. तेव्हा साक्षीदार बोलला की मी, तर्जुमानानं, ते मोठ्यानं उर्दूत सांगायचं आणि माझ्या डाव्या हाताला बसून तुम्ही ते उतरवून घ्यायचं, अशी आपली नोकरी. तुम्ही बिदरकडून नुकते आला होता. मराठी कानावर पडली होती, पण अंगात मुरली नव्हती. चकलांब्याकडचा एक शेतकरी उभा होता. हात जोडून म्हणाला, "सायेब, त्यानं माझी काळी दाबली. पांढरीत कुणालाबी इचारा." तुम्ही माझ्याआधीच कानावर विसंबलात, लिहिता लिहिता थांबलात आणि हळूच मला विचारलंत, "नारायणराव, काली तो समझा, इसकी औरत. ये पांढरी कौन है? दूसरी?"

मला हसू आवरेना. काळी म्हणजे काळी माती, म्हणजे शेत. पांढरी म्हणजे घरं बांधायची पांढरी माती, म्हणून गाव, आणि गाव म्हणजे गावातली माणसं. हे सगळं मी तुम्हाला तोंडावर हात धरून सांगितलं. मग तुम्ही जे हसलात, त्यानं मुन्सिफसाहेबांनी मान वर केली आणि आपण दोघंही खाली पाहू लागलो.

त्यानंतरचे काही महिने किती सुखाचे गेले! कोणी म्हणालं, "आमची मंडळी माहेरी गेलीय," तर तुम्ही लिहिलंत की याची सगळी जमात गाव सोडून गेली. मी कानाला लागून सांगितलं, की एवढी मंडळी म्हणजे एकटी बायको. "एक औरत, और मंडळी?" तुम्ही म्हणालात. "तुमी मराठे लोक बायकोला लई घाबरता." पुढं रोज मला विचारायचात, "मंडळी कशी हाय?" आणि आमच्या घरी तिला हे कळलं तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली होती. गंगाथडीचा, म्हणजे गोदाकाठचा, एक म्हातारा म्हणाला, "आमचं गाव गंगेवर हाय," तर तुम्ही गंभीर चेहऱ्यानं विचारलंत, "पाण्यावर?" तो म्हातारा चक्रावला. म्हणाला, "न्हाई सायेब, काठाला. पन आमी गंगेवरच म्हंतो."

एकदा लिंबाखाली मी तुम्हाला शास्त्रीबुवांनी शिकवलेली लक्षणा समजावून सांगितली. शब्दाचा सरळ अर्थ जुळेना, की त्या वस्तूच्या शेजारची, तिच्याशी नातं असलेली वस्तू मनात येते, ती लक्षणा. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आमच्याकडं त्याला मजाज म्हणतात. मला उस्तादांनी छडी घेऊन शिकवलाय." मग दोघांनाही वाटलं, की हे शिकायला एवढ्या छड्या खायची गरज नव्हती. समोर बाजार भरला होता. एक गिऱ्हाईक ओरडलं, "ए वांगी, इकडं ये!" आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई वळून आली. तुम्ही माझ्या मांडीवर थाप मारलीत. "बघा. तिला कुणी शिकवलं?"

मी या भाषेत जन्मलो, मुन्शीजी, पण ती ऐकायला तुमच्यामुळे लागलो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अशा गोष्टी शेजारी बसणाऱ्याला सांगायच्या राहून जातात.

आता रखमाचं लिहितो. ते टाळून तुमच्याशी बोलता येणार नाही.

रखमा कुंभारीण बालाघाटाच्या कुशीतल्या गावाहून चालत आली होती. तिचा नवरा तुळशीराम मागे भिंतीला टेकून बसलेला, उजवा हात फडक्यात बांधून गळ्यात अडकवलेला. त्या गावात टेकाडावर देशमुखांची मातीची गढी होती. ओढ्याकाठच्या ज्या जागेतली माती कुंभार पिढ्यान्‌पिढ्या काढत आले, ती जागा गढीनं आपली म्हटली, आणि एका सकाळी तुळशीराम माती काढत असताना त्याचा हात मोडला. रखमा पिंजऱ्यात उभी राहिली. खाली बघत, एका दमात बोलली:

"गढी खाली उतरली. आमचं मानूस माती काढीत व्हतं. गढीनं काठी घातली, हात मोडला. तवापासून चाक बंद हाय."

मी उर्दूत सांगितलं, जसंच्या तसं. गढी खाली आली, गढीनं काठी मारली. समोरचे वकील उठले. "हुजूर, मिट्टी की गढ़ी लाठी कैसे मारेगी? टेकडी उतर के कैसे आएगी?" सगळी कचेरी हसली. रखमा माझ्याकडे बघू लागली, आपण काय वेडंवाकडं बोललो म्हणून. हशा ओसरल्यावर मुन्सिफसाहेबांनी मला विचारलं, "तर्जुमान, गढ़ी से क्या मुराद है?"

मागच्या बाकावर बाबूराव बसला होता. देशमुखांचा पुतण्या, गढीचा सगळा कारभार बघणारा. तो एकटा हसत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

मी म्हणालो, "हुजूर, गढ़ी यानी ऊँची जगह पर बनी मिट्टी की हवेली."

तुम्ही लिहायचं थांबलात. हळू आवाजात, मराठीत विचारलंत, "आणि तिच्यात राहणारा?"

"बाईंनी सांगितलं नाही," मी म्हणालो. "त्यांनी गढी म्हटलं, मी गढी म्हटलं."

तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत आणि लिहिलंत. तक्रार फेटाळली गेली. जबानीत कुणा इसमावर आरोपच नाही, असं ठरलं. बाहेर रखमानं मला गाठून विचारलं, "काय झालं दादा? काय म्हनलं सरकार?" आणि मी तिला म्हणालो, "उद्या कागद मिळेल," आणि आत गेलो.

त्या दुपारी लिंबाखाली आपण भांडलो. तुमचा आवाज मी त्याआधी कधी चढलेला ऐकला नव्हता.

"बाईच्या जबानीत मारणारा न्हाई आन् मार खाणारा बी न्हाई," तुम्ही म्हणालात. "गढी हाय, हात हाय, चाक हाय, काठी हाय. माणूस कुठं गेला?"

"तिनं नाव घेतलं नाही. मी कुठून आणू?"

"नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई ती लाज. गढीतल्याचं घेतलं न्हाई ती भीती. दोन्ही एकाच शब्दानं झाकल्या जातात, पण दोन्ही एक न्हाईत. तर्जुमा करणाऱ्यानं तिची लाज ठेवावी, नारायणराव. भीती ठेवू नये."

"शब्द बदलायचा मला अधिकार नाही."

"शब्द बदला कोण म्हणतंय? हुजुरांनी तुम्हाला अर्थ विचारला होता. तुम्ही भिंतीचा अर्थ सांगितला."

मी तुम्हाला म्हणालो, की तुम्ही परमुलखातले, तुम्हाला इथल्या गोष्टी कळायच्या नाहीत. बोललो आणि जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. तुम्ही सतरंजी झटकलीत, घडी घातलीत आणि आत निघून गेलात. पुढचे कितीतरी दिवस आपण एकमेकांच्या शेजारी बसून, कोपराला कोपर लावून, अवाक्षर बोललो नाही. मी बोलायचो ते साक्षीदाराचं आणि तुम्ही लिहायचात तेही साक्षीदाराचंच.

मग एक दिवस कळलं, की रखमाचं अपील जिल्ह्याला दाखल झालंय आणि तिची जबानी तिथं नव्यानं घेणार आहेत. त्याच आठवड्यात तुमच्या जागेवर एक तरुण कारकून येऊन बसला. मी धावत बाहेर आलो. तुम्ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसला होता, समोर दौत मांडलेली.

"हे काय?"

"अर्ज लिहीन लोकांचे. हात तर चालू हाय ना."

"नोकरीतून कोणी काढलं?"

"कचेरीनं," तुम्ही म्हणालात आणि हसलात.

दुसरा कोणी असता तर तुम्ही त्याला सोडलं नसतंत. कचेरी म्हणजे कोण, कुठल्या कागदावरून, असं खोदून विचारलं असतंत. मी विचारलं नाही. गढीचे हात लांब आहेत, त्यांनीच काढलं असणार, असं मी स्वतःला सांगून टाकलं. आणि खरं सांगू का? मला हायसं वाटलं, की गेली ती तुमची नोकरी, माझी नाही.

जबानीच्या दिवशी आमच्या कचेरीची बाडं पोचवायला मी जिल्ह्याला गेलो होतो. दाराशी उभा राहिलो. तिथला तर्जुमान दुसरा होता. रखमा उभी होती, आणि बाहेर व्हरांड्यात तुम्ही, तुळशीरामाच्या शेजारी उकिडवे बसलेले. नंतर कळलं, की बाजाराच्या तीन वारी तुम्ही तिला लिंबाखाली बसवून एकच सवाल विचारत होता, आणि तिसऱ्या वारी तिच्या तोंडून नाव निघालं होतं.

"किसने मारा?" साहेबांनी विचारलं. तर्जुमानानं मराठीत विचारलं.

"गढीनं," रखमा म्हणाली. मग पदर मुठीत धरून म्हणाली, "गढीनं म्हंजी बाबूरावानं. देशमुखाच्या पुतन्यानं. ह्यो बसलाय."

"कुणाला मारलं?"

इतका वेळ ती थांबली, की मला वाटलं आता सगळं गेलं. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तुळशीराम कुंभाराला. माझ्या नवऱ्याला."

व्हरांड्यात बसलेल्या तुळशीरामानं मान वर केली. बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं असेल. तुम्ही त्याच्या गुडघ्यावर हात ठेवलात. मी दारातून मागे सरलो.

बाबूरावाला तीन महिन्यांची सजा झाली. तुळशीरामाचा हात काही सुधारला नाही. त्यांनी गाव सोडलं, आमच्या गावात येऊन राहिली आणि रखमा हातानं मातीच्या चुली घडवून बाजारात विकू लागली. पहिली चूल तुम्ही घेतलीत आणि घरी बोलणी खाल्लीत, घरात दोन असताना तिसरी कशाला म्हणून. "बाई चूल बरी करते," एवढंच तुम्ही मला येऊन सांगितलंत. आपलं बोलणं त्या चुलीपासून पुन्हा सुरू झालं. कोणी माफी मागितली नाही. तुम्ही सतरंजीवर थोडे सरकलात आणि मी बसलो.

पुढची वर्षं तशीच गेली. मी आत, तुम्ही बाहेर. ऊन कलंडेल तशी तुमची सतरंजी लिंबाभोवती फिरायची. उन्हाळ्यात तुमचे डोळे लाल व्हायचे. मी म्हणायचो, घरी बसून लिहा, तर म्हणायचात, "लोक लिंबाला ओळखतात, घराला न्हाई."

माझी बायको गेली तेव्हा तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. ओट्यावर बसलात आणि सवयीनं तोंडातून निघालं, "मंडळी कशी..." आणि तिथंच थांबलात. ते अर्धं वाक्य आपल्या दोघांच्या मध्ये पडून राहिलं. तेवढ्यानंच मला पहिल्यांदा रडू फुटलं, नाहीतर तोवर मी कोरडा होतो. मग तुम्ही बैलगाडी सांगितलीत आणि मला कपिलधारेला नेलंत. जत्रेचे दिवस नव्हते, माणूस दिसत नव्हतं. मी देवळात जाऊन आलो, तुम्ही बाहेर दगडावर बसून होता. दिवसभर पाण्याची धार पडत होती आणि आपण ती बघत होतो. परत निघताना तुम्ही विचारलंत, अगदी सहज, जसं काही हवापाण्याचं विचारावं:

"नारायणराव, त्या दिवशी गढी म्हणजे कोण, ते तुम्हाला ठाऊक होतं?"

मी म्हणालो, "तर्जुमानाला ठाऊक असायचं कारण काय?"

तुम्ही पाण्याकडे बघत राहिलात. परत कधी विचारलं नाहीत. मी मात्र पुढं दरवर्षी वाट पाहिली, की तुम्ही विचाराल. तुमच्या आजारपणात रोज खाटेशी येऊन बसत होतो तेही त्याचसाठी. तुम्ही विचारलंत काय, तर पेरणी झाली का लोकांची.

म्हणून आता न विचारता सांगतो. मला ठाऊक होतं. माझी धाकटी बहीण गोदा त्या गढीच्या दिवाणजींच्या घरात दिलेली आहे. गढीच्याच आवारात तिची चूल आहे. बाबूरावाच्या पंगतीला बसून मी जेवलो आहे, त्याचा आवाज, त्याची काठी, सगळं ओळखीचं होतं. मी नाव घेतलं असतं तर गोदाला त्या आवारात कोणी सुखानं नांदू दिलं नसतं, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, तसंच झालं असतं. पण हे तुम्हाला लिंबाखाली सांगायला काय हरकत होती? मी तुम्हाला अधिकाराच्या गोष्टी सांगितल्या. शब्दाला शब्द देण्याच्या गोष्टी सांगितल्या. आणि तुम्ही उन्हात बसत होता त्या सगळ्या वर्षांत मी दर भाऊबीजेला त्या गढीत जाऊन ओवाळून घेत होतो, गोडधोड खाऊन येत होतो. गोदाला कोणी एका शब्दानं दुखवलं नाही. ते कसं, असा प्रश्न मला कधी पडला नाही.

काल तुमची जुबेदा आली होती. सासरी परतायच्या आधी तुमचा बस्ता, ते कागदांचं बोचकं, आवरत होती. कुराण ती वाचते, पण तुमचं धावतं, तुटक दफ्तरी अक्षर तिला लागत नाही. हातात एक जुना कागद होता, घड्यांवर फाटत आलेला.

"चाचा, हे सगळ्यात खाली, कापडात बांधलेलं होतं. कामाचं असंल तर ठेवते. काय लिहिलंय?"

मी ओसरीत उजेडाला जाऊन वाचलं. रखमाच्या अपिलासोबत तुम्ही जिल्ह्याला पाठवलेल्या बयानाची ती नक्कल होती. खाली तुमची सही. तुम्ही लिहिलं होतं, की बाईंनी मारणाऱ्याचं नाव घेतलं होतं. कचेरीत हशा चालू होता, त्या गलक्यात ते तर्जुमानाच्या कानापर्यंत पोचलं नाही. मी जवळ बसलो होतो, मी ऐकलं, पण लिहायचं राहून गेलं. यात तर्जुमानाचा काही दोष नाही. ही सहवे-कलम आहे.

सहवे-कलम. कलमेची चूक.

बाईंनी नाव घेतलं नव्हतं, मुन्शीजी. तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. इतक्या वर्षांत तुम्ही दफ्तरात खोटं लिहिलेलं हे एवढंच असेल, आणि ते लिहून तुम्ही नोकरी घालवलीत. भिंतीमागचा माणूस दाखवा म्हणून माझ्याशी भांडलात, आणि स्वतः मात्र मला कलमेमागे उभं केलंत.

"अब्बांना हे माहीत होतं का," मी जुबेदाला विचारलं, "की माझी बहीण त्या गढीत..."

"गोदाफूफी ना?" ती म्हणाली. "अम्मी लई चिडायची, नोकरी कावून घालवली म्हणून. तर अब्बा म्हणायचे, नारायणरावाची बहीण नांदती हाय तिथं, तिला नांदू द्या." आणि मग कागदाकडे बोट केलं. "पण यात काय हाय, चाचा? कुणाची तरी चूक लिहिलीय एवढं मला लागलं. कुणाची?"

मी जन्मभर शब्दाला शब्द देत आलो. कागदावर कलम होतं. कलमेची, असं म्हणालो असतो तर तर्जुमा अगदी बरोबर ठरला असता, कोणत्याही कचेरीत.

"नारायणरावाची," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातला कागद उजेडाकडे वळवला. तिला वाटलं, मला नीट दिसलं नसावं. मी कागदाची घडी केली, त्याच जुन्या घड्यांवर, आणि तिच्या हातात दिला.

"जपून ठेव, पोरी," मी म्हणालो. "आणि कोणी वाचून दाखव म्हटलं, तर असंच वाचून दाखव."